पाच साल

धुळे, ८ मार्च

तेजस,

वर 'चिरंजीव' लिहिलं होतं. खोडलं, मग कागदच बदलला. भुसावळच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ॲग्नेस म्हणायच्या, खोडाखोड केलेलं पत्र पाठवणं म्हणजे न धुतलेल्या हाताने पानात वाढणं. तेव्हा चिरंजीव वगैरे तू समजून घे.

माझ्या निरोप समारंभानंतर आपण बोललेलो नाही. पेढ्यांचा बॉक्स माझ्या हातात होता आणि तू माझ्या ऑफिसच्या लोकांदेखत म्हणालास, आईने आयुष्यभर दुसऱ्यांच्या करारांत नाक खुपसलं. सरकारी कामगार अधिकारी म्हणजे तुझ्या लेखी एवढंच. ते मी विसरलेले नाही, पण हे पत्र त्यासाठी नाही. हे पत्र मळ्यासाठी आहे. तुमच्या त्या सरकारच नको म्हणणाऱ्या शहरात टपाल कधी पोचेल कोण जाणे, म्हणून पानांचे फोटो ऋतिकाच्या फोनवर पाठवते, ती तुला वाचून दाखवते म्हणाली. सून चांगली मिळाली तुला, तुझ्या लायकीपेक्षा बरीच.

आपला सालदार छगन येत्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, साल सोडतोय.

परवा मी रावेरला उतरून मळ्यावर गेले. केळीला पाणी चालू होतं, छगन पाइपाजवळ बसून बिडी ओढत होता. मला बघून बिडी विझवली नाही, नुसती पाठीमागे धरली. म्हणाला, "अक्का, आखाजीले मन्हं साल भरस. मंग मी मोकळा."

मी म्हटलं, "अरे, तू तर पाच सालांचा करार केलायस ना तेजसशी?"

"हा. पाच साल बोलनू ना मी. पन दर साली इचारतीन ना?"

तेजस, मी तिथेच पाइपावर बसले. तुझा तो करार मी त्या दिवसापर्यंत वाचला नव्हता, कारण तुझं काही वाचायचं नाही असं ठरवलं होतं. घरी येऊन वाचला. मराठी चांगलं आहे. 'वर्ष' हा शब्द कुठेच नाही, सगळीकडे 'साल'. लोकांच्या भाषेत करार, असं तूच अभिमानाने वर लिहिलंयस. मग लोकांच्या भाषेत साल म्हणजे काय, ते कोणाला विचारलंस?

तुझ्या बाबांच्या वेळी तू हे पाहिलंयस, विसरला असशील तर आठवण देते. आखाजीला सकाळी सालदार विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीची किल्ली आणून ओट्यावर ठेवतो. त्या दिवशी तो पाहुणा. आमरस, सांजोऱ्या, झोका. संध्याकाळी मालक विचारतो, "धरतो का साल?" तो हो म्हणाला तर किल्ली उचलतो, नाही म्हणाला तर किल्ली तिथेच राहते. छगनच्या हिशेबाने पाच साल म्हणजे अशा पाच संध्याकाळी. तुझ्या हिशेबाने एकच संध्याकाळ, ती गेल्या वर्षी होऊन गेली.

यात लबाड कोण, हे मला सांगता येत नाही, आणि याचाच मला राग येतोय. आयुष्यभर लबाड कोण ते मला दारातूनच ओळखू यायचं.

गेल्या आखाजीला ऋतिकाने फोन करून विचारलं होतं, आई, तुम्ही जवळ आहात, प्रतिनिधी म्हणून मळ्याकडे बघाल का? मी म्हटलं होतं, एक साल बघते. त्या नात्याने कळवलं.

आई


मळा, १९ मार्च

तेजस,

तुझं उत्तर मिळालं. एवढ्या लांबून एवढंसं उत्तर. "छगनवर कोणी जबरदस्ती केली नव्हती. त्याला पंखा, संडास आणि पक्कं घर मिळालं, पाच साल पुरी झाली की ते घर त्याच्या नावावर होईल. त्याच्या बापाला तुझ्या सरकारने काय दिलं?"

घर चांगलं आहे, ते मी नाकारत नाही. छगनच्या बायकोने, दिपमालाने, ओट्याला रांगोळीचे ठिपके पाडलेत, पोरगी पुनम दाराला टेकून अभ्यास करते. त्याचा बाप गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली झोपायचा, साक्रीकडून आला तेव्हापासून मरेपर्यंत. त्याला माझ्या सरकारने किमान वेतनाचा एक फलक दिला होता. तो मीच लावून घेतला होता, वाचता त्याला येत नव्हता. हे तू म्हणण्याआधी मीच म्हणते, म्हणजे तुझं एक वाक्य वाचेल.

आता काल झालेल्या सुनावणीबद्दल. करारात लिहिलंय की वाद झाला तर कोर्टात जायचं नाही, तुम्ही मळेवाल्यांनी जो गट केलाय त्याने नेमलेली निवाडा कंपनी फोनवर निकाल देईल. नेटवर्क फक्त विहिरीच्या कठड्यापाशी येतं, म्हणून छगन तिथे उभा, मी शेजारी, आणि फोनच्या काचेत एक टापटीप माणूस. आवाज गोड, बँकेतल्या मुलींसारखा. म्हणाला, आपण अंगठ्याने संमती नोंदवली आहे ना? छगन म्हणाला, नोंदवली. पाच साल हे शब्द आपल्याला वाचून दाखवले होते ना? हो. मग साल म्हणजे वर्ष, शब्दकोशात तसंच आहे.

छगनने मला विचारलं, "शब्दकोश कोन? कोन्हा मानूस शे?"

मला हसू आलं आणि लगेच संताप आला. मी काचेत डोकावून म्हटलं, "या माणसाच्या शब्दकोशात साल आखाजीला संपतं." तो म्हणाला, "मॅडम, आपण पक्षकार नाही." तीस वर्षं मी लोकांना हेच वाक्य ऐकवलं असेल. ऐकायला फार वाईट लागतं.

निकाल असा: छगनने राहायचं, नाहीतर आखाजीच्या दुसऱ्या दिवशी घर सोडायचं. आणि करार मोडला म्हणून तुमच्या गटातल्या कोणी त्याला काम द्यायचं नाही. कठड्यावर उभं राहून, चहा थंड व्हायच्या आत निकाल. आमच्या कामगार न्यायालयात यालाच दहा वर्षं लागली असती आणि तोवर छगन म्हातारा झाला असता. तेव्हा वेगाबद्दल मी काही बोलणार नाही. पण त्या निवाडा कंपनीला फी कोण देतं, एवढं कळव. छगन देत नाही, मी विचारलं.

आई


जळगाव, ३ एप्रिल

तेजस,

जळगावला दाताच्या डॉक्टरकडे आलेय, थांबायला वेळ आहे म्हणून लिहिते.

तुमच्या गटाचा तो दुसरा करार मला बन्सीलालने दाखवला. शेजारच्या मळ्याचा बन्सीलाल, तुझ्या बाबांना दादा म्हणायचा तोच. त्यात सगळ्या शेतकऱ्यांनी सह्या केल्यात की एकाचा करार मोडून आलेला माणूस दुसरा ठेवणार नाही, त्याच्याशी कोणी व्यवहारही करणार नाही. दुकानदार, पिठाची गिरणी, ट्रॅक्टरवाला, सगळ्यांच्या सह्या. तू याला 'परस्पर विश्वासाचं जाळं' असं नाव दिलंयस. बाळा, हे तू शोधलेलं नाहीस. आपल्याकडे याला वाळीत टाकणं म्हणतात, फार जुनं आहे, आणि ते बंद करायला सरकारला कायदा आणावा लागला. पोलीस नको, कोर्ट नको, शिपाई नको म्हणता म्हणता तू गावपंचायतीत जाऊन बसलास. तीही मोबाइलवरच्या.

हे पत्र इथेच संपवून तुला गप्प करायचं, असं ठरवून मी निघाले होते. पण मध्ये जे झालं, ते तुझ्यापासून लपवणं अप्रामाणिक होईल.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी बन्सीलाल मला बांधावर भेटला. त्याने छगनला आडून विचारलं होतं, माझ्याकडे येतो का, वर मोटरसायकल देतो. मी म्हटलं, "बन्सीलाल, तुझी सही आहे ना त्या कागदावर?" म्हणाला, "वहिनी, करार गेला चुलीत. माणूस भेटत नाही अन् बाग निसवायले आला, घड बाहेर पडू राहिले. घड काय तेजस येऊन सांभाळीन?"

मग निर्मलकुमार. त्याच्या किराणा दुकानात दिपमाला गेली तर सगळ्यांसमोर म्हणाला, तुझा नवरा करार मोडतोय, तुम्हाला माल देता येणार नाही, गटाचा नियम आहे. आणि त्याची बायको धनकुंवर हिने मागच्या दाराने तेल, साखर, चहा बांधून दिला. मी निर्मलकुमारला जाब विचारला. तो शांतपणे म्हणाला, "भाभीजी, सही मी केली. दुकानाने नाही केली." मागच्या दाराचा भाव पुढच्या दारापेक्षा जरा चढा आहे, हे मला दिपमालाने नंतर सांगितलं.

आता मला सांग, याला मी काय म्हणू? तुझं जाळं फाडलं ते कायद्याने नाही, माझ्या ऑफिसने तर नाहीच नाही. फाडलं ते बन्सीलालच्या घडांनी आणि निर्मलकुमारच्या गल्ल्याने. म्हणजे ज्या बाजारावर तुझी श्रद्धा आहे, त्यानेच छगनला सोडवलं आणि सोडवता सोडवता त्याच्याकडून साखरेमागे वरकड घेतली. रात्रभर मी हे दोन्ही बाजूंनी मांडून पाहिलं. दोन्ही बाजूंनी तूच बरोबर येतोस आणि तूच चूक येतोस.

मी हे लिहीपर्यंत ऋतिकाचा निरोप आलाय. तू गटाला कळवलंस म्हणे, की जो सही मोडेल त्याची केळी तुमच्या पॅकहाउसला घेतली जाणार नाहीत. तेव्हा बन्सीलालची मोटरसायकल आजपासून रद्द. पॅकहाउस नाही तर केळी रस्त्यावर टाकायची, हे त्याला कळतं. इतका हुशार तू कधीपासून झालास? लहानपणी पत्त्यांत हरलास की डाव उधळायचास, तेवढं मात्र आठवतंय.

डॉक्टरांनी आत बोलावलंय.

आई


धुळे, १२ एप्रिल

तेजस,

आज स्पष्ट लिहिते, कारण हे तुला दुसऱ्याकडून कळलं तर वाईट दिसेल. मी तुझी तक्रार करायला गेले होते.

जळगावच्या ऑफिसात जितेंद्र आहे. माझ्या हाताखाली शिकला, तेव्हा टिपणीत 'सबब' कुठे लिहायचं तेही त्याला कळत नव्हतं. आता त्याच्या दाराला पडदा आहे. मी त्याला सगळं सांगितलं: माणसाला काम सोडता येत नाही, सोडलं तर घर जातं आणि गावात कोणी उभं करत नाही. त्याने पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, "मॅडम, ही सरळ वेठबिगारी. अर्ज द्या, मी वर पाठवतो. आरोपी म्हणून कोणाचं नाव लिहू?"

मी तुझं नाव सांगितलं. आडनावासकट.

त्याने घंटी वाजवली. मग चहा मागवला. मग म्हणाला, "मॅडम, घरातच मिटवता आलं तर बघा ना." मी त्याला असं काही सुनावलं की पडद्यामागचा शिपाई आत डोकावला. मालक मॅडमचा मुलगा निघाला की कायदा घरी पाठवता काय, असं म्हणाले. हे ऑफिस बंद करून इथे गोदाम काढा, निदान भाडं तरी येईल, असंही म्हणाले. बाहेर आल्यावर लक्षात आलं, हे शेवटचं वाक्य तुझं आहे. निरोप समारंभाच्या आधी कधीतरी जेवताना तू म्हणाला होतास आणि मी तुला ताटावरून उठवलं होतं.

अर्ज मात्र द्यायचाच, असं ठरवून मी छगनकडे गेले. म्हटलं, "तुला मुक्त करतील. तसं प्रमाणपत्र देतील. घर गेलं तरी सरकार काहीतरी मदत करेल."

तो आधी नीट ऐकत होता. 'वेठबिगार' हा शब्द आला आणि त्याचा चेहराच बदलला. "मी बिगारी नही शे, अक्का. मी सालदार शे. बठ्ठा गाव माले हाशी. मन्ही पोरनं लगीन कोन्हा घर व्हई मंग?"

दिपमाला आतून म्हणाली, "अक्का, तुम्हीन बी साहेबनागतच बोलतस. तठे तेजसभाऊ कागद दाखाडस, आठे तुम्हीन दाखाडतस."

मी तिला म्हटलं, "मग काय करू ते तरी सांग." ती म्हणाली, चहा घ्या. घेतला. साखर मागच्या दाराची असावी, पण कमी नव्हती.

मी छगनला शेवटी सरळ विचारलं, तुला नक्की हवंय काय? बन्सीलालकडे तर आता जाता येत नाही. तो पायाच्या अंगठ्याने माती उकरायला लागला. मग म्हणाला, "तेजसभाऊनी इचारंच नही. इचारं त मी ऱ्हासू बी. मोटरसायकलनं बोलनं पडी, ते वेगळं."

म्हणजे त्याला राहायचंही असेल. मोटरसायकलही हवी आहे. हा माणूस बिचारा वगैरे नाही, हे मी तुझ्या बाजूने लिहून ठेवते. नडलेला आहे, आणि भाव करणाराही आहे. माझ्या फायलींमध्ये अशा माणसाला रकाना नव्हता. तिथे एक पीडित असायचा आणि एक मालक.

बसमध्ये परत येताना सिस्टर ॲग्नेस आठवल्या. आम्ही आठवीत होतो, तेव्हा त्यांना विचारलं होतं, तुम्हाला कोणी जबरदस्तीने नन केलं का? त्या म्हणाल्या, नाही, मी स्वतः शपथ घेतली, कधीच परत न जाण्याची. मला ते फार भयंकर वाटलं होतं. आपणहून बांधून घ्यायचं, आणि तेही कायमचं. मी विचारलं, मग तुम्ही मोकळ्या कशा? त्या हसल्या आणि म्हणाल्या, पहिली कितीतरी वर्षं शपथ एकेकाच वर्षाची असते. दर वर्षी मदर सुपीरिअर विचारतात, अजून इच्छा आहे का? नाही म्हटलं तर गेटपर्यंत सोडायला येतात. असं बरेचदा विचारून झाल्यावर मग कायमची.

तुझं म्हणणं असं, की सरकार गेलं की माणूस मोकळा होतो, उरतो फक्त करार, आणि करार म्हणजे दोन मोकळ्या माणसांची इच्छा. मी त्यावर विचार करतेय, खरंच. इच्छा एकदा विचारायची की परत परत विचारायची, हे तुझ्या पुस्तकांत कुठे लिहिलंय का? आणि परत परत विचारायला लावणारा कोण? मदर सुपीरिअर? सरकार? जितेंद्र? जितेंद्र नको. मला उत्तर माहीत नाही. मला वाटलं होतं, निवृत्तीनंतर तरी माहीत असेल.

अर्ज दिलेला नाही. पर्समध्ये आहे.

आई


मळा, आखाजी, १९ एप्रिल

तेजस,

हे पत्र फोनवर पाठवत नाहीये, का ते पुढे येईल.

मी काल रात्रीच मळ्यावर आले. सकाळी घागर पुजली, तुझ्या बाबांच्या नावाने पान वाढलं. लिंबाला झोका बांधलाय. पुनमला उंच झोका घ्यायची हौस, आणि दिपमाला खालून ओरडतेय की पडशील. ऊन असं आहे की ओट्यावर पाय ठेववत नाही.

छगन अंघोळ करून, पांढरा सदरा घालून आला. मोटारीच्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली आणून ओट्यावर ठेवली. मी त्याला पाट मांडला. तो पाहुण्यासारखा बसला, अगदी चेहरा पाडून नाही, दोन वाट्या रस घेतला आणि म्हणाला, आंबा बलसाडचा दिसतोय. मी म्हटलं, जळगावच्या बाजारातला आहे, बलसाडचं नाव सांगून विकला. तो म्हणाला, मंग तुम्हले फसाडं. आम्ही दोघं हसलो.

तुमच्या गटाची माणसं उद्या सकाळी येणार आहेत, घराला कुलूप घालायला. पण त्याआधी प्रतिनिधीने फोनवर 'करार मोडला' असं नोंदवायचं असतं. प्रतिनिधी मी. सकाळपासून तो फोन माझ्या मांडीवर आहे. बटण हिरवं आहे. वाईट बातमीचं बटण हिरवं का केलंस?

दुपारी विहिरीच्या कठड्यापाशी जाऊन मी तुला फोन लावला, दोन वर्षांत पहिल्यांदा. ऋतिकाने उचलला. म्हणाली, ते शेजारीच बसलेत आई, विचार करताहेत. मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तू बोलला नाहीस. मीही 'दे त्याला' म्हटलं नाही. आपण दोघं एकाच मातीचे.

तेव्हा मी विचार केला तो असा. तू म्हणतोस, ज्याने स्वतः शब्द दिला नाही त्याला कोणी बांधू शकत नाही. मान्य. मी शब्द दिला होता तो 'एक साल बघते' असा, ऋतिकाला विचार. आज आखाजी आहे. माझं साल भरलं. आता मी तुझी प्रतिनिधी नाही, त्यामुळे बटण दाबायचा मला अधिकारच उरलेला नाही, आणि नवा प्रतिनिधी नेमेपर्यंत तुमच्या माणसांना त्या घराला हात लावता येणार नाही. तुझाच करार आहे, कलम वाचून खात्री करून घे. नाक खुपसायची सवय अशी कामाला येते.

शब्दकोशात साल म्हणजे वर्ष असेल तर आखाजी ते आखाजी तेही झालं, तेव्हा तुझ्या निवाडा कंपनीकडेही मी सुटते. मोडलं काहीच नाही.

हे पळवाट काढणं आहे का, ते मला ठरवता येत नाही. छगन सुटला का, तेही नाही. घर वाचलं ते थोड्या दिवसांपुरतं. कायद्याने वाचलं नाही, बाजाराने नाही, एका म्हातारीच्या हट्टाने वाचलं, आणि म्हातारीच्या हट्टावर गाव चालत नाही. अर्ज अजून पर्समध्येच आहे. तो बाहेर काढायची वेळ माझ्यावर आणू नकोस.

आता दिवस कलतोय. याच वेळी तुझे बाबा टोपी घालून ओट्यावर यायचे आणि विचारायचे. छगन झोक्याजवळ उभा आहे, इकडे न बघता इकडेच बघतोय. मी विचारू शकले असते, पण मळा माझा नाही, तुझ्या नावावर आहे.

म्हणून किल्ली या पत्रासोबत पाकिटात घातली आहे. उद्या सोमवार, रावेरच्या पोस्टातून स्पीड पोस्टने निघेल. इथून तुझ्या त्या बिनसरकारी शहरापर्यंत किल्ली पोचवणारं दुसरं कोणी मला सापडलं नाही, सरकारी टपालच घेऊन जातं, हसू नकोस.

हे पान त्यानंतर लिहितेय. पाकीट चिकटवताना छगनने पाहिलं. तो धावतच आला. "अक्का, हाई काय करतस? मोटार कोन चालू करी?"

मी म्हटलं, "तू तर मोकळा आहेस ना?"

"मी मोकळा शे. केळी कोठे मोकळी शे?" तो म्हणाला, आणि मग खाली बसून कपाळाला हात लावून हसायला लागला. दुसरी किल्ली नाही, आणि तुझ्या नावाने चिकटवलेलं पाकीट मी फोडणार नाही. कुलूप तुझ्या बाबांनी घेतलेलं आहे, दगडाने तुटणारं नाही, आणि मालकाच्या बोलण्याशिवाय ते तोडायचं नाही एवढं त्यालाही कळतं, मलाही.

तेव्हा असं आहे. या उन्हात बाग फार दिवस पाण्याशिवाय थांबणार नाही. किल्ली तुझ्या हातात पडेपर्यंत तर नाहीच. या पानाचा फोटो पाठवणार नव्हते, पण केळीचा काय दोष, म्हणून एवढं शेवटचं पान आत्ता ऋतिकाला पाठवते. बाकीचं पोस्टाने येईल तेव्हा वाच.

फोन छगनच्या नंबरवर कर, माझ्या नको. तो विहिरीच्या कठड्यापाशी जाऊन बसतोय, तिथे नेटवर्क येतं. 'धरतो का साल' एवढंच विचारायचं. तो हो म्हणाला तर कुलूप तोडायला सांग, नाही म्हणाला तर दुसरं बघ. मोटरसायकलचं तो बोलेलच.

त्यानंतर हवं तर मला कर. प्रतिनिधी म्हणून हवी असेन तर मलाही वेगळं विचारावं लागेल. मी काय म्हणेन, ते मला आत्ता माहीत नाही.

आई